भाईनाशी शेवटचं बोलणं

सुरतेत यंत्रमागाच्या कारखान्याला खातं म्हणतात. माझ्या वडिलांनी, आबांनी, भेस्तानच्या एका खात्यात बावीस वर्षं माग चालवले. लॉकडाऊनमध्ये ते खातं बंद पडलं आणि नंतर पुन्हा धड चालू झालंच नाही. शेठ थकले होते. मशिनं भंगारात गेली आणि पत्र्याखाली नुसती लांबलचक रिकामी जागा उरली. त्या जागेत एका हिवाळ्यात, दिवाळीपासून होळीपर्यंत, दर दुसऱ्या रविवारी काही प्रयोग झाले. त्यातला शेवटचा आबांचा होता. त्याच्याबद्दल मी आजवर कुणाशी नीट बोललेले नाही.

सुरुवात शेठच्या मुलीपासून झाली. बडोद्याला कलेचं शिक्षण घेऊन ती परत आली होती. खात्याची जागा गोडाऊन बांधणाऱ्या कुणाला तरी विकायची ठरली होती, पण ताबा होळीनंतर द्यायचा होता. मधले महिने तिनं कलेच्या प्रयोगांसाठी वडिलांकडून मागून घेतले. दिवाळीच्या पाडव्याला ती मिठाईचा डबा घेऊन लिंबायतला आमच्या गल्लीत आली. जुन्या कारीगरांना भेटत फिरत होती. बहुतेक जण गावी गेले होते, काही कडोदऱ्याच्या नव्या खात्यांत लागले होते. आबा घरी सापडले. पण आबांना ऐकू येत नाही. मागांच्या आवाजानं त्यांचा उजवा कान पूर्ण गेलाय, डाव्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं बोललं तर थोडंफार कळतं. त्यामुळे तिला जे सांगायचं होतं ते तिनं मला सांगितलं.

मी कपडा मार्केटमधल्या एका दुकानात कॉम्प्युटरवर साड्यांच्या प्रिंटची डिझाइनं करते. फुलं, कोयऱ्या, बॉर्डर. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. तिनं विचारलं, "मला मराठीत आणि हिंदीत पोस्टर लिहायला मदत करशील? मला इथली माणसं यायला हवीत. नुसते कॉलेजवाले नकोत."

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला कुणी असं काही विचारलंच नव्हतं कधी. दुकानात शेठ म्हणायचे तसा रंग आणि म्हणायचे तसं फूल काढायचं, एवढंच माझं काम.

पहिल्या रविवारी एका मुलीनं अंगाभोवती कोऱ्या कापडाचा अख्खा ताका गुंडाळून घेतला आणि जमिनीवर लोळत लोळत तो या टोकापासून त्या टोकापर्यंत उलगडला. आमच्या गल्लीतल्या सहा-सात बायका मी आग्रहानं आणल्या होत्या. त्यातल्या एकीनं माझ्या कानात विचारलं, "आते साडी कवय नेसी ही?" ही साडी नेसणार तरी कधी, या प्रश्नावर मला हसू आवरेना. पुढच्या वेळी एक माणूस भोक पडलेल्या तांब्यानं एका बादलीतलं पाणी लांबच्या दुसऱ्या बादलीत नेत राहिला, तीन तास. बघणारे येत होते, जात होते. शेवटी दोन म्हातारे उठले आणि ओंजळ धरून त्याच्या तांब्याखाली चालू लागले, पाणी सांडू नये म्हणून. ते प्रयोगात नव्हतं. तो माणूस रडायला लागला. मला त्यातलं सगळं कळलं होतं असं नाही, पण दर वेळी दुसऱ्या दिवशी दुकानात फुलं काढताना हात थोडा वेगळा चालायचा.

सगळं दुपारी चारला व्हायचं. पत्र्यामध्ये मधेमधे फायबरचे तुकडे बसवलेले होते, त्यातून उजेड यायचा. दिव्यांची गरज पडायची नाही. शेजारचं खातं चालू होतं. त्याची खटाखट भिंतीतून सतत ऐकू यायची आणि पायाला जाणवायची.

चौथ्या रविवारी आबा माझ्याबरोबर आले. त्यांना प्रयोगाचं काही नव्हतं, खातं बघायचं होतं. आत शिरल्यावर ते कुठंही न बघता सरळ चालत गेले आणि डाव्या बाजूच्या एका जागी उभे राहिले. जमिनीवर मशिनांच्या बोल्टांची भोकं आणि तेलाचे काळे चौकोन होते. आपला चौकोन त्यांनी बरोबर ओळखला. तिथून त्यांनी समोर बघून दोन बोटं ओठांशी नेली, मग मनगटावर टिचकी मारली.

"काय म्हणतायत काका?" शेठच्या मुलीनं विचारलं.

"चहाला किती वेळ आहे," मी म्हटलं.

ही भाषा मला लहानपणापासून माहीत होती. मागांच्या आवाजात ओरडून उपयोग नसतो, म्हणून कारीगर खुणा करतात. करंगळी वर केली की कांडी संपली, म्हणजे धोट्यातलं सूत संपलं. पोटावरून हात फिरवला की शेठ आले. या खुणा सगळ्यांच्याच असतात. पण आबांच्या खुणा पुष्कळ जास्त होत्या, कारण त्यांच्या समोरच्या मशिनांवर बावीस वर्षं एकच माणूस होता.

तो ओडिशातल्या गंजामचा होता. आबा त्याला भाईना म्हणायचे. त्याच्याकडचे लोक मोठ्या भावाला असं म्हणतात. तोच आधी आबांना भाईना म्हणाला होता. आबांना वाटलं, तो स्वतःचं नाव सांगतोय. तेव्हापासून दोघंही एकमेकांना भाईनाच. त्याला मराठी येत नव्हतं, आबांना ओडिया येत नव्हतं, आणि दोघांचं हिंदी जेमतेम. बाहेर चहाच्या टपरीवर भेटले तर दोघं लाजल्यासारखे नुसते उभे राहायचे. पण माग चालू झाले की त्यांचं बोलणं सुरू व्हायचं. घरचं, गावचं, पिकाचं, आजारपणाचं. माझ्यासाठी त्यांच्यात एक खूण होती. दोन्ही कानांजवळून दोन बोटं खाली ओढायची, दोन वेण्या.

लॉकडाऊनमध्ये आमची गल्ली पत्रे लावून बंद केली होती. तेव्हाच भाईना गावाकडच्या गाडीत बसला. निरोप घेणं झालंच नाही. भाईनाचा फोन नंबर आबांनी कधी घेतला नव्हता. ज्याला ऐकूच येत नाही त्यानं नंबर घेऊन काय करायचं?

हे सगळं मी शेठच्या मुलीला सांगितलं. मग ती आबांच्या डाव्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाली, "काका, शेवटचा रविवार तुमचा. तुम्ही इथं उभं राहून भाईनाशी बोलायचं. दुसरं काही करायचं नाही."

आबा हसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "त्याले बलावशात का?"

त्याला बोलवाल का, एवढीच त्यांची अट होती. आम्ही दोघींनी मान हलवली.

मग शोध सुरू झाला. खात्याच्या जुन्या हजेरीच्या वहीत त्याचं नाव सापडलं. ते नाव आबांनी तोपर्यंत ऐकलंसुद्धा नव्हतं. मी वाचून दाखवलं तर त्यांनी हात झटकला, हा दुसराच कुणी असेल म्हणून. ओडिया कामगार ज्या सामायिक खोल्यांत राहतात त्यांना इथं मेस म्हणतात. मी सुट्टीच्या दिवशी तशा चार-पाच मेसमध्ये फिरले. एका मेसमधल्या वयस्क माणसानं नाव आणि गाव लिहून घेतलं. आपल्या भागातलंच आहे, विचारून सांगतो म्हणाला. तीन आठवडे त्याचा काही निरोप आला नाही.

इकडे आबांची तयारी चालली होती. घरात आरशासमोर उभे राहून ते हात हलवून बघायचे. काही खुणा विसरल्या होत्या, त्या आठवल्या की एकदम हसायचे. मी पोस्टर लिहिलं. त्यावर आबांच्या हातांचं चित्र मी स्वतः काढलं, दुकानातल्या त्याच कॉम्प्युटरवर. मार्केटमधल्या सगळ्यांना यायला सांगितलं. आमच्या दुकानाचे शेठसुद्धा येतो म्हणाले. आमच्या घरातलं काही तरी लोक बघायला येणार, याचा मला फार अभिमान वाटत होता. हे लिहायला हवं, कारण पुढे मी जे केलं ते यामुळेच केलं.

त्या रविवारी सकाळी दहाच्या सुमारास मी खात्यात सतरंज्या अंथरत होते. मेसमधल्या माणसाचा फोन आला. त्यानं हिंदीत सांगितलं, सावकाश. तुम्ही शोधताय तो माणूस दोन वर्षांपूर्वीच गेला. छातीचं दुखणं होतं. गावी गेल्यावर कामधंदा नव्हता, दवाखाना लांब होता. बायको आहे. तिचा नंबर देऊ का?

मी नंबर लिहून घेतला. शेठची मुलगी पायरीवर बसून काही तरी लिहीत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि सांगितलं.

तिचा चेहरा उतरला. ती लगेच म्हणाली, "आज रद्द करू. मी सगळ्यांना फोन करते."

"नको," मी म्हटलं.

"अगं, त्यांना न सांगता कसं करायचं?"

"सांगितलं तर ते येणारच नाहीत. पुढच्या रविवारी होळी आहे, मग जागाच राहणार नाही. एवढं होऊ दे. संध्याकाळी मी सांगते."

"तू त्यांची मुलगी आहेस," ती म्हणाली. "मला हे बरोबर वाटत नाही. पण तू म्हणशील तसं."

पुढे बरेच दिवस मी स्वतःला सांगत होते की आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. तसं नव्हतं. ती नको म्हणत होती, ठरवलं मी.

आबा साडेतीनला आले. शेजारच्या रिक्षावाल्यानं सोडलं. दाढी केलेली, इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल. आत आल्या आल्या त्यांनी मला बाजूला घेतलं.

"त्याना फोन उना का?"

भाईनाचा फोन आला का, असं ते विचारत होते. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "अजून नही, आबा."

त्यांनी मान हलवली. "ईल," म्हणाले. येईल.

लोक पुष्कळ आले होते. कॉलेजची मुलं-मुली, मार्केटमधली माणसं, आमची गल्ली. आबा आपल्या चौकोनात जाऊन उभे राहिले. शेजारच्या खात्याची खटाखट चालू होतीच. त्यांनी तळवा जमिनीला लावून पाहिला, कदाचित ती हाताला जाणवते का म्हणून, आणि उठून समोर बघितलं. समोर दहा हातांवर भाईनाची जागा होती. तिथं कुणी बसू नये म्हणून मी दोरी लावली होती.

त्यांनी हात वर करून राम राम केला आणि थांबले. समोरच्या माणसानं उत्तर दिल्यावर थांबतो तितकं थांबले. मग मान हलवली.

वीस मिनिटांचं ठरलं होतं. आबा पाऊण तास बोलत होते. मला जवळजवळ सगळं कळत होतं. पुढच्या रांगेतल्या काहींनाही हळूहळू कळायला लागलं, कारण आबा तोंडानंसुद्धा चेहरे करत होते. त्यांनी शेठच्या पोटाची खूण केली आणि ते पोट आता गेलं, वाळून गेलं, असं दाखवलं तेव्हा लोक हसले. आबा समोर बघूनही हसले, जणू तिकडून काही विनोद झाला. मशिनं कशी गेली ते सांगितलं. गॅसनं कापणं, उचलणं, ट्रक. ते सांगताना ते पाठ वळवून उभे राहिले, मग परत फिरले. आई गेली हे सांगितलं. कुंकवाच्या जागी कपाळावर बोट टेकवलं, ही आईची खूण, मग ते कपाळ हातानं पुसलं. बराच वेळ समोर बघत राहिले. समोरून काय उत्तर आलं असेल कोण जाणे, पण आबांनी दोन्ही हातांनी "असू दे" असं केलं. मग दोन वेण्यांची खूण आली. ती कामाला जाते, कॉम्प्युटरवर चित्रं काढते, लग्न केलं नाही. मग त्यांनी छातीवर हात ठेवून खाली दाबला. त्याचा अर्थ मला माहीत होता. काळजी वाटते.

हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी खांबाला टेकून बसले होते. सभोवतालची माणसं भारावून बघत होती आणि त्यातल्या फक्त दोघींना माहीत होतं की समोर उत्तर द्यायला कुणीच उरलेलं नाही. मला उठून त्यांचा हात धरावासा वाटला. मी उठले नाही.

शेवटी त्यांनी भाईनाला विचारलं, तू कसा आहेस? तब्येत कशी आहे? आणि फार वेळ थांबले. मग हात जोडले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या आबांना ऐकू आल्या नाहीत, पण लोक उभे राहिले ते दिसलं. एक मुलगी पाया पडली. आमच्या दुकानाचे शेठ पुढे येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवून गेले. आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "लोकेसले समजनं का?"

"समजनं," मी म्हटलं.

शेठची मुलगी मागे उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती.

येताना आबांनी रिक्षा थांबवून जिलेबी घेतली. घरी सगळ्या गल्लीला वाटली. इतकं आनंदात मी त्यांना आई गेल्यानंतर बघितलं नव्हतं. संध्याकाळी सांगायचं होतं, ते माझ्यानं झालं नाही. सोमवारी मी कामाला निघताना त्यांनी विचारलं, "त्याना फोन उना का?" मी मान हलवून नाही म्हटलं. मंगळवारी परत विचारलं. शेठच्या मुलीनं प्रयोगाचं शूटिंग केलं होतं. ते भाईनाच्या फोनवर पाठवता येईल का, असंही त्यांच्या डोक्यात आलं होतं. तसं त्यांनी शेजारच्या रिक्षावाल्याला बोलूनही दाखवलं होतं.

बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन घरी आले. ते ओट्यावर बसून लसूण सोलत होते. मी त्यांच्यापाशी बसले, डाव्या बाजूला.

"आबा, भाईना नही ऱ्हायना."

त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी कान पुढे केला.

मी मोठ्यानं म्हटलं. तरी नीट कळलं नाही. त्यांना वाटलं, भाईना गावी राहिला नाही, दुसरीकडे गेला. "कोठे गया?" त्यांनी विचारलं.

मग मला ओरडावं लागलं. भर दुपारी ओट्यावर बसून मी ओरडले, "मरी गया, आबा! भाईना मरी गया!" समोरच्या घरातली बाई दारात आली. पलीकडचं कुणी तरी थबकलं. ज्या बातमीला माणूस आवाज खाली आणतो ती मला साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी सांगावी लागली.

आबांच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. कधी, असं त्यांनी हातानंच विचारलं. मी दोन बोटं दाखवली, दोन वर्षं. ते ओट्याखालच्या फरशीकडे बघत राहिले. मग त्यांच्या डोळ्यांत काही तरी बदललं आणि त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं.

"तुले कधी समजनं?"

खोटं बोलणं शक्य होतं. आज सकाळी, असं म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं. पण माझ्यात तेवढं बळ उरलं नव्हतं.

"रविवारी," मी म्हटलं. "सकायले."

त्यांनी हातातली लसणाची पाकळी खाली ठेवली. मग हळू, जवळजवळ स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "म्हणजे मी एकलाच बोली ऱ्हायंतू. आनि तुम्ही सर्वा दखी ऱ्हायंतात."

मी एकटाच बोलत होतो आणि तुम्ही सगळे बघत होता. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

ते उठून मोरीत गेले आणि कपड्यांसकट डोक्यावरून बादलीभर पाणी ओतून घेतलं. भावकीतल्या माणसाची बातमी उशिरा कळली तर आमच्याकडे अशी अंघोळ करतात. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पुढचे दहा दिवस त्यांनी दाढी केली नाही, आणि माझ्याशी कामापुरतंच बोलले.

त्याच दरम्यान शेठची मुलगी घरी येऊन गेली. तिनं आबांच्या पायांना हात लावला आणि गुजरातीत माफी मागितली. त्यांना शब्द ऐकू आले नसतील, पण कळलं. त्यांनी मला चहा ठेवायला सांगितलं. तिला मी म्हटलं, "तुझी काय चूक?" ती म्हणाली, "मी नाही म्हणाले आणि मग गप्प बसले. ते काय कमी आहे?"

भाईनाच्या बायकोला फोन लावावा असं मलाच वाटलं. एका रविवारी मेसमधला तो वयस्क माणूस आमच्या घरी आला आणि त्यानं व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर एक बारीकशी बाई, डोक्यावरून पदर, मागे मातीची भिंत. माणूस ओडियात बोलत होता आणि मला हिंदीत सांगत होता. सुरतेहून, खात्यातले, समोरच्या मशिनावरचे, बावीस वर्षं बरोबर होते. बाई ऐकत होती. मग तिनं काही तरी विचारलं.

"काय म्हणते?" मी विचारलं.

त्याला सांगायला अवघड वाटलं. "कोण हे, म्हणते. तिच्या नवऱ्यानं कधी सांगितलं नव्हतं."

आबा माझ्या तोंडाकडे बघत होते. आता मला लपवायचं नव्हतं. मी कानाशी जाऊन जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, हे त्यांना फार लागेल. पण त्यांनी मान हलवली. "बरोबर शे," म्हणाले. "मी तरी घरमा तेन्ही गोठ कधी करी?"

खरंच होतं. आई होती तोवर आमच्या घरातही भाईनाची गोष्ट कुणी करत नसे. मला त्या खुणा माहीत होत्या, पण तो माणूस कसा आहे, त्याला किती मुलं आहेत, मी कधी विचारलं नव्हतं. मागांच्या आवाजात जे बोलायचं ते तिथंच ठेवून दोघं आपापल्या घरी जात असतील.

बाईनं फोन फिरवून भिंतीवरचा फोटो दाखवला. हार घातलेला. आबा पुढे वाकले. "किती म्हातारा व्हयी गयथा," एवढंच म्हणाले. मग त्यांनी पडद्याला नमस्कार केला. बाईनंही केला. मेसमधल्या माणसानं फोन ठेवला आणि मी त्याला जेवायला वाढलं.

होळीनंतर खात्याचा ताबा दिला गेला. पत्रे उतरवले तेव्हा शेठची मुलगी एकटीच तिथं होती. मला बोलावलं होतं, मी गेले नाही. थोड्या दिवसांनी तिचा फोन आला. दुसऱ्या एका शहरातल्या महोत्सवाला आबांच्या प्रयोगाचं शूटिंग हवं होतं. सगळ्या हंगामातलं तेच सर्वांत चांगलं झालंय, असं तिचे जुने शिक्षक म्हणाले होते.

"पण काकांना विचार," ती म्हणाली. "आणि या वेळी सगळं सांगून विचार."

ती लॅपटॉप घेऊन आली. आबांनी पहिल्यांदाच ते बघितलं. पडद्यावर ते स्वतः उभे, पांढरा शर्ट, समोर दोरी लावलेली मोकळी जागा. ते आपल्याच खुणा निरखत होते. दोन वेण्यांची खूण आली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. तब्येत कशी आहे, असं विचारून ते पडद्यावर थांबले तिथं त्यांनी लॅपटॉपच्या झाकणावर हात ठेवला.

"हाई कोनले दखाडू नको," ते तिला म्हणाले. "तेनाशी बोली ऱ्हायंतू मी. लोकेससाठे नव्हतं."

तिनं मान हलवली. ती आता बडोद्याला शिकवते. ते शूटिंग तिनं कुणाला दाखवलेलं नाही, आणि पुसून टाकलंय का हे मी विचारलेलं नाही. पुढे आमचं बोलणं कमी होत गेलं. भांडण झालं नाही. एकमेकींचा आवाज ऐकला की दोघींनाही त्या सकाळची ती पायरी आठवत असावी.

आबा हळूहळू पूर्वीसारखे झाले, म्हणजे बाहेरून तरी. दाढी करतात, ओट्यावर बसतात, शेजारच्या रिक्षावाल्याशी हातवारे करून गप्पा मारतात. मी काही तरी चांगलं रांधलं तर छान झालंय अशी खूण करतात. आम्हा दोघांत काही बिनसलंय असं बघणाऱ्याला वाटणार नाही.

गेल्या महिन्यात त्यांना खोकला धरला. मी घाबरले, छातीचं काही नको म्हणून. दवाखान्यात नेलं, फोटो काढला, रक्त तपासलं. दोन दिवसांनी रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघं गेलो. डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं की काळजीचं काही नाही, साधा खोकला आहे, औषधानं जाईल. मी बाहेर आले. बाकावर बसलेल्या आबांच्या कानाशी वाकले आणि मोठ्यानं म्हटलं, "सगळं चांगलं शे, आबा. काही नही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मान हलवली. मग माझ्या हातातला कागद हळूच काढून घेतला, उठले, आणि औषधाच्या खिडकीपाशी बसलेल्या कंपाउंडरसमोर धरला.

"भाऊ," ते म्हणाले, "काय लिखेल शे, वाची दखाडो जरा."

कंपाउंडर माझ्याकडे बघायला लागला. त्याला वाटलं, मला वाचता येत नसेल. मी त्याला मानेनंच सांगितलं, वाचा. त्यानं कागद घेतला, आबांनी डावा कान पुढे केला, आणि तो एकेक ओळ मोठ्यानं वाचत गेला. आबा प्रत्येक ओळीला हो म्हणत होते. मी भिंतीशी उभी राहून त्यांचं होईपर्यंत थांबले.